मिठी कधी सोडायची? टँगो आणि कंटेम्पररीचा एकत्र प्रयोग बसवताना

अर्जेंटाइन टँगो आणि कंटेम्पररी नृत्य एकत्र आणायचं म्हटलं की बहुतेक जण सोपी वाट धरतात. एक तुकडा हिल्स घालून, पुढचा अनवाणी, मधे अंधार. अशाने दोन शैली शेजारी बसतात, मिसळत नाहीत. मिसळायची खरी जागा आहे जोडीची मिठी. बुएनोस आयरेसच्या जागतिक टँगो स्पर्धेत ‘पिस्ता’ म्हणजे पारंपरिक, सामाजिक टँगोच्या गटात संगीत चालू असताना मिठी सोडता येत नाही, ‘एस्सेनारिओ’ म्हणजे रंगमंचीय गटात सोडता येते. तुम्हाला ही मोकळीक आहे, म्हणूनच ती जपून वापरा. प्रवेशांची यादी करा आणि प्रत्येकापुढे मिठी घट्ट, सैल की सुटलेली, एवढंच लिहा. सलग तीन प्रवेश ‘सुटलेली’ निघाले, तर टँगो हातचा गेला म्हणून समजा.

साठ मिनिटांच्या प्रयोगाला चार जोड्या पुरतात. आठवड्याला तीन तालमी धरल्या तर 12 आठवडे लागतात. पहिले तीन आठवडे काहीही बसवू नका, नुसतं चालायला लावा. कंटेम्पररीवाल्यांना वजन दोन्ही पायांत वाटून ठेवायची सवय असते. टँगोत ते पूर्ण एका पायावर हवं, नाहीतर दुसरा पाय मोकळा होत नाही. मग बोलेओ, म्हणजे मोकळ्या पायाचा झटका, करताना पाय लाथेसारखा फेकला जातो. खरा बोलेओ कमरेचं वळण अचानक उलटल्यामुळे, चाबकाच्या टोकासारखा येतो. उलट टँगोवाले जमिनीवर जायला बिचकतात. त्यांना आधी गुडघ्यातून खाली बसणं, मग नितंब, मग पाठ, असं टप्प्याटप्प्याने शिकवा.

दोन शैलींना जोडणारा पूल मुळात टँगोतच आहे. वोल्कादात जोडीदार पुढे, तुमच्या छातीकडे कलतो. कोल्गादात दोघंही एकमेकांपासून बाहेर कलतात आणि तोल दोघांच्या मधे राहतो. कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन, म्हणजे एकमेकांवर वजन टाकत आयत्या वेळी सुचेल तसं नाचणं, केलेल्यांना हे चटकन उमगतं. कोल्गादा असा बसवा:

1. दोघं अनवाणी, समोरासमोर. कोपराखाली एकमेकांचे हात धरा आणि एकाचं पाऊल दुसऱ्याच्या उभ्या पावलाला चिकटवून ठेवा.
2. चार मात्रांत बाहेर कला, चार मात्रांत परत या. अंग फळीसारखं सरळ हवं. कंबर मागे पडली की सगळा भार खांद्यांवर येतो. खांदा दुखावतो तो इथेच.
3. हे स्थिर झाल्यावर वळण घाला, मग हातांच्या पकडीऐवजी जोडीदाराच्या पाठीवर हात आणा. बूट सगळ्यात शेवटी.
4. जमिनीवर जायचं असेल तर कलण्याच्या टोकाला खालचा जोडीदार गुडघा मोडून वळत उतरतो, वरचा त्याच वेळी स्वतः बसत जातो. नितंब जमिनीला टेकेपर्यंत पकड सुटता कामा नये.

वोल्कादात चूक होते ती अशी: नेणारा जोडीदार पाऊल फार मागे टाकतो, छातीचा आधार तुटतो आणि जोडीदाराची कंबर वाकते. पाऊल लहान ठेवलं की बहुतेक वेळा दुरुस्त होतं.

संगीताचं दुखणं वेगळं. जुन्या ‘ओर्केस्ता तिपिका’त, म्हणजे टँगोच्या वाद्यवृंदात, बँडोनिअन (अकॉर्डियनसारखं भात्याचं वाद्य), व्हायोलिन, पियानो आणि डबल बास असतात, ढोल सहसा नसतो. ठेका शोधणाऱ्याला तो पियानोच्या डाव्या हातात आणि बासमध्ये सापडतो. टँगोच्या वाद्यवृंदांच्या जुन्या प्रमुखांपैकी दारिएन्सो सरळ, टोकदार ठोका देतो, तो नवशिक्यांना सोपा. पुग्लिएसे लय ताणतो, तिथे आकडे मोजणाऱ्यांची फजिती होते. त्यांना श्वासावर नाचायला सांगा. टँगोचा संगीतकार पियात्सोला याच्या संगीतात अनेकदा आठ मात्रा 3-3-2 अशा पडतात, म्हणजे आघात पहिल्या, चौथ्या आणि सातव्या मात्रेवर. टाळ्या वाजवून दहा मिनिटं हे म्हणून घेतल्याशिवाय पाऊल उचलू देऊ नका. जुन्या मोनो ध्वनिमुद्रणाला लागून नवं मुद्रण आलं की आवाज एकदम अंगावर येतो. पातळी नाट्यगृहातच जुळवा, हेडफोनवर नाही. हक्कांची परवानगीही आधीच मागा.

जमिनीकडे कुणी बघत नाही आणि गुडघे जातात. अनवाण्यांना जमिनीवर विनाइलचं आच्छादन हवं, पण त्यावर बुटाचा स्वेडचा (खरखरीत चामड्याचा) तळ चिकटतो. मग वळताना पाऊल थांबतं, कंबर फिरत राहते आणि मधला गुडघा पिळवटतो. गुळगुळीत चामड्याचा तळ घ्या. पकडीसाठी राळ अजिबात नको, पुढच्या अनवाणी प्रवेशात तिच्यावर कातडी सोलते. टाचेची टोपी झिजली की आतला खिळा बाहेर येतो आणि विनाइल फाडतो, म्हणून प्रत्येक प्रयोगाआधी टाचा उलट्या करून बघा. विनाइलच्या पट्ट्यांचे सांधे टेपने पूर्ण बंद करा. वेगवान भागात हिल्सवाले आणि अनवाणी यांच्यात किमान दीड मीटर अंतर ठेवा.

बूट काढणं विंगेत उरकू नका. घोट्याच्या बकलला अंधारात वेळ लागतो, बोटं थरथरत असतात. एकाने खाली बसून दुसऱ्याचा बूट सोडवायचा आणि उघडं पाऊल जमिनीवर टेकवायचं, हाच प्रवेश करा. चाळीस सेकंद द्या, संगीत नको.

प्रकाश बाजूने हवा, पोटरीच्या आणि डोक्याच्या उंचीवरून. समोरून टाकलात तर पावलं सपाट दिसतात आणि गांचो, म्हणजे जोडीदाराच्या पायाभोवती आकड्यासारखा अडकवलेला पाय, दिसतच नाही. खालचे दिवे विंगेच्या वाटेतच येतात, तेव्हा त्यांच्या पायांना चमकणारी टेप लावा.

शेवटी एक जागा मोकळी सोडा, 16 मात्रांची. जोडीने तिथे त्या रात्री सुचेल ते करावं. फक्त शेवटच्या मात्रेला दोघं ठरलेल्या दिव्यात, मिठीत हवेत.