पावसाळ्यात पुस्तकं कशी सांभाळायची
रत्नागिरीत पुस्तकांच्या दुकानात कामाला आहे, जून लागला की माझा अर्धा दिवस पुस्तकं पुसण्यातच जातो, म्हणून सांगतो. कपाट भिंतीला चिकटवू नका, चार बोटं तरी जागा सोडा, ओल भिंतीतूनच येते. पुस्तकं गच्च कोंबायची नाहीत, हवा खेळली पाहिजे. डांबरगोळ्या कसरीला ठीक आहेत, पण ओल त्या शोषत नाहीत, त्यासाठी सिलिका जेलच्या पुड्या ठेवा.

आणि भिजलंच तर? कडक उन्हात अजिबात टाकू नका, पानं वाकडी होतात. उभं करून पानं जराशी उघडायची, पंख्याखाली ठेवायचं, मध्ये मध्ये टिश्यू पेपर घालून तो बदलत राहायचा. दोन दिवसांत वाळणार नाही असं वाटलं (लाईट गेली की नाहीच वाळत) तर पिशवीत घालून सरळ फ्रीजरमध्ये, बुरशी वाढायची थांबते, मग सवडीने वाळवा. गुळगुळीत फोटोवाली पानं मात्र सगळ्यात आधी घ्या, ती एकमेकांना चिकटली की सुटत नाहीत.

श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'चे माझे दोन्ही जाडजूड खंड असेच वाचवलेत. जगबुडी नदीच्या काठची गोष्ट, बाहेर पाऊस कोसळत असताना वाचायला घ्या, मी दर श्रावणात घेतो.