झाडाची मजुरी लाकडात घेऊ नका

झाडावर चढता येतं, चेनसॉ हातात बसलीय, दोराच्या गाठी येतात, हे धरूनच लिहितो. मी गोव्यातल्या पेडण्याचा. सहा वर्षं पेडणे-बार्देशात झाडं उतरवतोय, छाटतोय. पहिली दोन वर्षं हातात काही उरलं नाही. चढण्यात मी कमी नव्हतो, दर सांगण्यात होतो.

"लाकूड तूच ने, पैसे जरा कमी घे." नवा माणूस इथेच बुडतो. म्हापशाजवळ एका घरामागचा आंबा मी असाच घेतला. माझा दर १४,००० होता. मालक म्हणाले, लाकूड तुझं, ६,००० घे. बुंधा जाडजूड, मी हो म्हटलं. काम दोन दिवस चाललं. दोन गडी रोज ९०० प्रमाणे, त्यांचे ३,६००. पिकअपच्या दोन खेपा ३,०००. पेट्रोल, तेल ७००. एकूण ७,३००. म्हणजे पदरचे १,३०० गेले आणि माझी दोन दिवसांची मेहनत फुकट.

आणि लाकूड? ५० सेंटिमीटर जाड, ३ मीटर लांब ओंडका म्हणजे जवळजवळ ०.६ घनमीटर. ओला आंबा असला तर वजन अर्ध्या टनाच्या आसपास. तो गाडीत चढत नाही, तुकडे करावे लागतात. तुकडे केले की फळी निघत नाही, उरतं ते जळाऊ. सॉ मिलवाला अंगणातलं झाड म्हटलं की आधी विचारतो, खिळे आहेत? असतातच. कपड्यांची तार, चवथीच्या माळांचे खिळे झाडाने गिळलेले असतात. बाहेरून दिसत नाहीत आणि पातं खराब करतात. त्यात आपली दमट हवा. ओला आंबा नुसता पडून राहिला तर काळा पडतो, भुंगा लागतो. माझे ओंडके गोठ्यामागे पावसाळाभर पडले आणि शेवटी शेजाऱ्यांच्या चुलीत गेले. लाकूड घ्यायचंच तर गिऱ्हाईक आधी ठरवा, आणि वाहतुकीचा परवाना लागतो का हे वन खात्यात विचारल्याशिवाय गाडी हलवू नका. मजुरी मात्र पुरती रोख घ्या.

दर सांगताना झाडाआधी खालची जमीन बघा. कौलं, विहीर, सेप्टिक टाकी, वीजतार, पिकअप कुठवर येते. मोकळ्या भाटातला, म्हणजे बागेतला, आंबा सकाळी आडवा होतो. तोच कौलांवर झुकलेला असला तर एकेक फांदी दोराने उतरवावी लागते. कापणं वेगळं, उचलून नेणं वेगळं, असे दोन आकडे मी फोटोसह व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. तार जवळ असेल तर वीज खात्याकडून पुरवठा बंद करून घेतल्याशिवाय चढू नका. मालक कितीही म्हणोत, "पाच मिनिटांचं काम."

झाड तोडायच्या परवानगीचा अर्ज मालकाने करायचा, एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीचा कागद, त्यांच्याकडेच असतो. गोव्यात त्यासाठी १९८४ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. "माडाला काही लागत नाही" असं अजून ऐकू येतं, कारण २०१६ मध्ये माड त्या कायद्यातल्या झाडांच्या व्याख्येतून काढला होता. पुढे तो परत व्याख्येत घेतला. कागद डोळ्यांनी बघा, मगच करवत सुरू करा.

कर्ज काढून महागडी चेनसॉ घेणाऱ्या पोरांची मला खरंच काळजी वाटते. आधी चांगला दोर, हार्नेस, हेल्मेट. आणि व्हिडिओ बघून शिकण्यापेक्षा एखाद्या जुन्या पाडेलीमागे, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणाऱ्यामागे, एक हंगाम फिरा. माझे काका फांदी कापायच्या आधी तिला हात लावून थांबत, वजन कुठे आहे ते बघत. खालून अर्धवट काप, मग थोडं पुढे वरून, आणि उरलेला खुंट शेवटी गळ्याच्या, म्हणजे फांदी खोडाला जुळते तिथल्या, फुगवट्याबाहेर, हे त्यांनी मला चाळीस वेळा करायला लावलं. म्हणून आज साल फाटत नाही. माडावर खिळ्यांचे बूट त्यांनी कधी चढवू दिले नाहीत. माडाची जखम भरत नाही, तिथूनच सोंड्या भुंगा आत शिरतो.

पहिल्या वर्षी पैसे कमी दिसले तर घाबरू नका, सगळ्यांचं तसंच होतं. एप्रिल-मेमध्ये फोन थांबत नाहीत, जूनमध्ये पडलेल्या झाडांचे येतात, मग चवथीआधी अंगणं साफ करण्याचे. त्यानंतर सुकं जातं. त्या महिन्यांसाठी मेच्या प्रत्येक बिलातला थोडा भाग मी बायकोच्या खात्यात टाकतो, आणि नोव्हेंबरात माडांची झावळं काढायची ठरलेली भाटं आता चार आहेत.