पणजीत वही घेऊन फिरताना

सकाळी साडेसहाच्या आत मळा किंवा फोंतेन्हास या भागांतल्या गल्लीत पोचा. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा तेव्हाच ऐकू येतो. उशीर झाला की पर्यटकांची गर्दी होते आणि घरची माणसं दारं लोटून घेतात. कुणाच्या दारापुढे उभं राहून लिहू नका, ते बरं नव्हे. वीस पावलं पुढे जा, मग वही काढा.

वही खिशात मावणारी, पेन बॉलपॉइंट. पावसाळ्यात शाईपेन नकोच: दमट हवेत कागद ओल धरतो, शाई फुटते. वही झिपच्या पिशवीत न्या, पण घरी आल्याबरोबर उघडून पंख्याखाली ठेवा, नाहीतर बुरशी येते.

संवाद टिपायला बेतीची फेरीबोट उत्तम. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही, मांडवी काही मिनिटांत पार. बोटीत फक्त ऐका. उतरल्यावर कोकणी वाक्य जसंच्या तसं उतरवा. मनात मराठी केलंत की त्याची लय गेलीच.

दुपारी पाटोचं मध्यवर्ती ग्रंथालय, १८३२ सालापासूनचं. टिपणं त्याच दिवशी तिथे बसून सविस्तर लिहा. दुसऱ्या दिवशी वहीत 'म्हातारी, टोपली' एवढंच दिसतं. टोपलीत आबोली होती की तांबडी भाजी, ते आठवत नाही.