जुन्या रायफलच्या मॅगझिनवरचा बदललेला रंग: घासण्याआधी ओळखावा कसा

आमच्या कॉलेजच्या एनसीसीच्या खोलीत कवायतीच्या .३०३ रायफली असायच्या. डीपी रायफली, म्हणजे ड्रिलपुरत्या, निकामी केलेल्या. एका पावसाळ्यात कुणीतरी त्यांतलं एक मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरायची पोलादी पेटी, गंजलंय असं समजून चिंच-मिठानं घासलं, देवाची तांब्या-पितळेची भांडी घासतात तसं. दुपारपर्यंत ते राखेसारखं फिकं पडलं आणि आठवड्याभरात त्यावर खरा गंज चढला. आधी त्यावर जो जांभळट-तपकिरी रंग होता, तो गंज नव्हताच. मला त्याची अजून हळहळ वाटते, कारण गेलेला रंग परत येत नाही.

सगळ्यात आधी कायदा. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राचे सुटे भागही शस्त्रातच मोडतात, आणि .३०३ तर सर्वसामान्यांना प्रतिबंधित आहे. मुंबईच्या चोर बाजारात, मटन स्ट्रीटवर असं मॅगझिन दिसलं तर विकत घेऊ नका. आजोबांच्या ट्रंकेत सापडलं तर पोलीस ठाण्यात कळवा. संग्रहालय, एनसीसी किंवा शस्त्रागारात परवानगीनं अशा वस्तू हाताळणाऱ्यांसाठी पुढचं लिहितो आहे. तिथेही मॅगझिन रिकामं असल्याची खात्री जबाबदार माणसानं करून दिल्यावरच ते हातात घ्या.

आता ते खिडकीशी न्या. ट्यूबलाइटखाली जांभळी छटा जवळजवळ दिसतच नाही, सगळंच काळं वाटतं. सकाळचा थेट ऊन नसलेला उजेड उत्तम. सुती हातमोजे घाला, कारण मुंबईच्या घामाचा ठसा पोलादावर दोन दिवसांत उमटतो.

मग मूळ फिनिश कोणतं ते ठरवा. याला घाई करू नका, पुढचं सगळं यावर उभं आहे. ब्लूइंग, म्हणजे पोलादावर रासायनिक क्रियेनं आणलेला निळसर-काळा थर, गुळगुळीत असतं, बोटाखाली पोलादच लागतं. त्याची जुनी रीत मोठी सुंदर आहे: पोलादावर मुद्दाम बारीक लाल गंज आणायचा, उकळत्या पाण्यात तो काळा करायचा, मऊ तारेच्या ब्रशनं सुटी पूड झटकायची, आणि हेच पुन्हा पुन्हा. म्हणजे तो काळा थर गंजाचाच सख्खा भाऊ. नंतर कॉस्टिक आणि नायट्रेटच्या सुमारे १४० अंशांच्या क्षारात बुडवून हेच काम झटपट होऊ लागलं. फॉस्फेटचं, म्हणजे पार्करायझिंगचं फिनिश वेगळं. ते मॅट आणि किंचित खरखरीत असतं, भिंगाखाली बारीक दाणे दिसतात. मँगनीजचं असेल तर काळपट, जस्ताचं असेल तर फिकं राखाडी. तिसरा प्रकार भट्टीत भाजलेल्या काळ्या पेंटचा. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटिश शस्त्रांवर तो फॉस्फेटवरच चढवलेला आढळतो. तो कडेला टवका उडून निघतो, ब्लूइंग मात्र झिजत झिजत विरळ होतं.

मॅगझिन कोणत्या रायफलचं, हेही बघून घ्या. .३०३ चं दहा गोळ्यांचं मॅगझिन खाली तिरकं होत जातं. १९६० च्या दशकात पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात ७.६२ मिमीसाठी बनलेल्या रायफलीचं १२ गोळ्यांचं मॅगझिन जास्त चौकोनी आहे.

आता रंग वाचा. एकसारखा, गुळगुळीत जांभळट म्हणजे बहुधा ब्लूइंगचाच बदललेला रंग. पोलादातले मिश्रधातू आणि क्षाराचं तापमान ही त्याची नेहमीची कारणं. पेटी एका रंगाची आणि आतली, गोळ्या वर ढकलणारी पट्टी दुसऱ्या रंगाची दिसली, तर लगेच 'भाग बदललाय' म्हणू नका. पेटीचा पत्रा, स्प्रिंग आणि पट्टी वेगवेगळ्या पोलादाची असतात, एकाच बाथमध्येही वेगळा रंग धरतात. जोडाच्या रेषेवरचा वेगळा पट्टा वेल्डिंगच्या आंचेमुळेही येतो. रायफलीत सरकणाऱ्या बाजू आणि वरच्या ओठांवरची, म्हणजे गोळ्या अडवून धरणाऱ्या कडांवरची, चंदेरी चमक ही वापराची खूण. तीच चमक सपाट मध्यभागी, आडव्या-उभ्या ओरखड्यांसह दिसली, तर तिथे कुणीतरी घासलंय.

काळे डाग मॅगझिन ठेवलेल्या कातडी पिशवीशी जुळतात का पाहा. लोखंडी कढईत आवळा शिजवला की काळाठिक्कर पडतो ना, तीच क्रिया इथे: कातड्यातलं टॅनिन आणि लोखंड. फॉस्फेटवर कुठे हिरवट झाक दिसली, तर ती बहुतेक वर्षानुवर्षं मुरलेल्या ग्रीस-तेलाची. ती बिघाड नव्हे.

शंका उरलीच तर चिंधीची चाचणी. पांढऱ्या सुती चिंधीवर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब घ्या आणि न दाबता एकदाच पुसा. चिंधीला विटकरी पूड लागली तर गंज जिवंत आहे, पसरतोय. चिंधी स्वच्छ किंवा नुसती काळपट निघाली तर रंग स्थिर आहे, त्याला हात लावू नका. भिंगाखाली खड्डे आणि वर आलेले फोड दिसले, तर तोही गंजच. अशा जागी तेल रात्रभर मुरू द्या आणि दुसऱ्या दिवशी फक्त चिंधीनं टिपून घ्या. तेवढ्यानं भागलं नाही तर धातूच्या संवर्धकाला दाखवा. चिंच, लिंबू, व्हिनेगर आणि बाजारातली बरीच गंजनाशकं यांतलं आम्ल गंजाबरोबर ब्लूइंगही खातं. खोबरेलही नको, ते कालांतरानं खवट होतं.

पुसण्याआधी आणि पुसल्यावर, त्याच खिडकीशी, त्याच वेळी फोटो काढा. शेजारी पांढरा कागद ठेवा, म्हणजे फोटोतला रंग खरा की कॅमेऱ्याचा ते कळतं.

ठेवताना तेलाचा पातळ हात फिरवा, कातड्यात किंवा वर्तमानपत्रात गुंडाळू नका. हवाबंद डब्यात सिलिका जेल घाला आणि जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला डबा उघडून बघा. दादर-माहीमसारख्या समुद्राजवळच्या खोलीत तर आठवड्याला, कारण तिथल्या हवेतलं मीठ पोलादाला सुट्टी देत नाही.