इसबाच्या कोरड्या त्वचेची रोजची निगा

इसब कायमचे जाईलच असे नाही, पण नियमित निगेने ते बहुधा आटोक्यात राहते. आंघोळ कोमट पाण्याने ५ ते १० मिनिटांत उरकावी. न्हाणीतल्या भाणाचे कढत पाणी कितीही सुखावह वाटले, तरी ते त्वचेची स्निग्धता काढून टाकते आणि मग खाज वाढते. अंग खसाखसा न पुसता पंचाने टिपावे आणि त्वचा दमट असतानाच, साधारण ३ मिनिटांत, सुगंध न मिसळलेले शुद्ध खोबरेल तळहातावर पसरून हलक्या हाताने लावावे. नवे तेल आधी कोपराच्या आतल्या बाजूस आठवडाभर लावून पाहावे. लिंबू मात्र त्वचेला लावूच नये; घरगुती म्हणून ते सौम्य ठरत नाही. समुद्रस्नानानंतर खारे पाणी गोड्या पाण्याने धुऊन पुन्हा तेल लावावे.

गोव्याच्या पावसाळ्यात दमट कपड्यांमुळे जांघेत कडा उठावदार असलेला गोल चट्टा उमटल्यास ते बहुधा गजकर्ण असते. त्यावर तेल उपयोगाचे नाही, आणि फार्मसीतून परस्पर आणलेल्या स्टिरॉइडच्या मलमाने ते अधिकच पसरते. अशा वेळी, तसेच इसबातून लस वाहू लागल्यास, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.