तळ्यापासून भातखाचरापर्यंत : बालीतल्या एका दिवसाची तयारी

पहिल्यांदा आई आणि मावशीला घेऊन बालीला गेले, तेव्हा एका दिवसाच्या टूरमध्ये आठ ठिकाणं होती. रात्री उबुदला परतलो तेव्हा मावशीचे गुडघे सुजले होते. आई फोनमधले फोटो सरकवत विचारत होती, "हे देऊळ कुठलं गं?" मला सांगता आलं नाही. पुढच्या वेळी तीनच ठिकाणं ठरवली, गाईड आधी बोलून ठेवला आणि सकाळी लवकर निघालो. तो दिवस आईला आजही क्रमाने आठवतो. त्या दिवसाची तयारी इथे लिहिते आहे, कारण देवळं, धबधबा आणि भातशेती एका दिवसात बघायला निघालेली मराठी कुटुंबं बहुतेक वेळा आमच्या पहिल्या दिवसासारखाच दिवस विकत घेतात.

पहिली तयारी रस्त्याची. बालीत देऊळ, धबधबा आणि भातशेती हे एकाच पाण्याचे तीन मुक्काम आहेत. वर डोंगरातल्या तळ्याकाठी देवी दानूचं, म्हणजे तळ्याच्या पाण्याच्या देवीचं, देऊळ असतं. तिचं पाणी ओढ्याओढ्यांनी खाली येतं आणि सुबाक नावाच्या शेतकऱ्यांच्या संघटना ते खाचरांमध्ये वाटून घेतात. ही व्यवस्था हजार वर्षांहून जुनी आहे आणि २०१२ साली युनेस्कोने तिला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. तिच्यामागचा विचार 'त्रि हित करण' या नावाने ओळखला जातो. शब्द आपल्याला फोड करून सांगावा लागत नाही : देव, माणूस आणि निसर्ग या तिघांशी नीट नातं असेल तर हित होतं. म्हणून दिवस आखताना पाण्याच्या वाटेने वरून खाली यायचं.

आम्ही असं आलो : आधी बेदुगुलच्या डोंगरातलं उलुन दानू ब्रातान हे तळ्यातलं देऊळ, मग लेके लेके धबधबा, मग जातिलुविहची भातशेती. उबुदहून ब्रातानला गाडीने साधारण दीड तास लागतो. तळं १,२०० मीटर उंचीवर आहे. दुपारनंतर तिथे ढग उतरतात, म्हणून ते पहिलं घ्या. मेंगवीच्या राजाने हे देऊळ १६३३ साली बांधलं. त्याचा अकरा छपरांचा मेरू, म्हणजे एकावर एक छपरांचा देवळाचा मनोरा, पाण्यात उभा आहे. इंडोनेशियाच्या जुन्या ५०,००० रुपियाच्या नोटेवर हेच तळं आणि देऊळ होतं. उतरताना वेळ उरलाच, तर मेंगवीचं तामान आयून हे खंदकाने वेढलेलं देऊळ वाटेवर आहे, तेही युनेस्कोच्या त्याच यादीत. मात्र ते 'उरलाच तर'मध्येच ठेवा.

कुणाला तीर्थस्नान करायचं असेल तर तोंपाकसिरिंगचं तीर्ता एम्पुल घ्या, पण मग दिवस वेगळा आखा. ते ९६२ सालचं, जिवंत झऱ्यावरचं देऊळ आहे आणि कुंडातल्या धारांखाली डोकं धरून जो विधी करतात त्याला मलुकत म्हणतात. त्यातल्या काही धारा मृतांच्या विधीसाठी राखलेल्या आहेत, त्यांच्याखाली उभं राहायचं नाही. म्हणून तिथे माहीतगार माणसाशिवाय पाण्यात उतरू नका. तिथून जवळच गुनुंग कावी आहे, अकराव्या शतकात कातळात कोरलेली दहा उंच स्मारकं. वेरूळ-कार्ले बघितलेल्या माणसाला तिथून पाय काढवत नाही, पण जवळजवळ तीनशे पायऱ्या उतरून परत चढायच्या असतात. हा दिवस आणि ब्रातानचा दिवस एकात कोंबू नका.

आता गाईड. बालीत ड्रायव्हर आणि गाईड हे दोन वेगळे लोक असतात, हे आम्हाला पहिल्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं. ज्या कंपनीकडून टूर घेतली तिने 'इंग्रजी बोलणारा ड्रायव्हर' दिला. माणूस सज्जन होता, पण देवळाच्या दाराशी सोडून तो गाडीत थांबायचा आणि आत आम्ही पाट्या वाचत फिरायचो. म्हणून पैसे भरण्याआधी व्हॉट्सॲपवर सरळ विचारा : बरोबर आत येणारा परवानाधारक गाईड आहे का? प्रवेशाची तिकिटं धरलेली आहेत का? दुकानांचे थांबे किती? हा शेवटचा प्रश्न संकोच न करता विचारा. लुवाक कॉफी, चांदी, बाटिक असे तीन थांबे निघाले तर दोन तास तिथेच जातात. नको असतील तर आधीच लिहून कळवा, लोक वाईट वाटून घेत नाहीत. गाईडला हाक मारताना तरुण असेल तर 'ब्ली' म्हणजे दादा, वयस्क असेल तर 'पाक', आणि बाई असेल तर 'इबू'. भेटल्यावर 'ओम् स्वस्त्यस्तु' म्हटलंत की पुढचा दिवस वेगळाच जातो. निरोप घेताना 'मातुर सुक्स्मा', म्हणजे धन्यवाद.

तारीख ठरवताना तीन गोष्टी बघा. साधारण एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा काळ आहे. पावसाळ्यात डोंगर हिरवेगार होतात, पण धबधब्याचं पाणी गढूळ होतं आणि पायऱ्यांवर शेवाळ धरतं. दुसरं, न्येपी. बालीचं नवं वर्ष आपल्यासारखंच शकाचं, आणि २०२५ साली त्यांचं १९४७ सुरू झालं तेव्हा आपलंही शके १९४७ सुरू झालं. मार्चच्या आसपास येणाऱ्या त्या मौनाच्या दिवशी बेटावर सगळं बंद असतं, विमानतळसुद्धा, आणि पाहुण्यांनीही हॉटेलातच राहायचं असतं. तिकीट काढण्याआधी ही तारीख बघाच. याउलट दर २१० दिवसांनी येणारा गालुंगानचा सण साधता आला तर जरूर साधा. तेव्हा घरोघरी पेंजोर उभारतात, शेंड्याशी वाकलेला, पानाफुलांनी सजवलेला उंच बांबू. आपल्या माणसाला गुढी आठवल्याशिवाय राहत नाही.

तिसरी गोष्ट भाताची. फोटोतली हिरवी पायरी वर्षभर हिरवी नसते. कधी नुसतं चिखलपाणी असतं, कधी पिवळं पीक, कधी कापून गेलेलं रान. जाण्याआधी आठवडाभर गाईडला 'सध्या शेत कसं आहे' एवढं विचारून ठेवा. मला स्वतःला आवणीच्या आधीचं, आभाळ धरून ठेवलेलं पाणी हिरव्यापेक्षा जास्त आवडलं. उबुदजवळचं तगलालांग सोयीचं आहे, पण झोपाळे आणि फोटोच्या रांगा यांत शेत हरवतं. जातिलुविह दूर असलं तरी तेच निवडा.

कपड्यांत मुख्य गोष्ट म्हणजे कामेन, कमरेला गुंडाळायचं वस्त्र, आणि त्यावर बांधायचा शेला, सेलेन्दांग. बऱ्याच देवळांत दाराशी मिळतात, पण एकेक स्वतःचा घेऊन ठेवलात तर रांग वाचते. आईने घरून नेलेली सुती ओढणी शेल्यासारखी छान बांधली गेली. खांदे झाकलेले हवेत. चपला दाराशी काढायची सक्ती बहुतेक ठिकाणी नसते, गाईड करेल तसं करा. आतल्या आवारात पाहुण्यांना सहसा सोडत नाहीत. आपल्याला हात जोडायचे असतील तर 'आम्हीही हिंदू आहोत, प्रार्थना करायची आहे' असं गाईडला आदल्या दिवशीच सांगा. परवानगी मिळाली तर पमांकू, म्हणजे तिथले पुजारी, तीर्थ देतात आणि ओले तांदूळ कपाळाला लावायला देतात. त्याला बिजा म्हणतात. मावशीने ते तांदूळ संध्याकाळपर्यंत पुसू दिले नाहीत.

एक नियम स्पष्ट लिहिते, कारण दाराशी पाटी वाचून मुली रडवेल्या होतात. मासिक पाळीत देवळात प्रवेश नाही, आणि घरात नुकताच मृत्यू झाला असेल तरही नाही. या अवस्थेला ते सेबेल म्हणतात. आपल्याकडच्या विटाळ-सुतकासारखंच. आपल्याला तो पटो न पटो, देऊळ त्यांचं आहे. तारखा जुळत नसतील तर गाईडला आधीच सांगून क्रम बदला, किंवा त्या दिवशी धबधबा आणि शेत एवढंच ठेवा.

गुडघ्यांची तयारी महिनाभर आधी सुरू करा. लेके लेकेला खाली उतरायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, चढायला त्याहून जास्त, आणि इतर काही धबधब्यांच्या पायऱ्या तर याहून कितीतरी अधिक आहेत. रोज दोन मजले चढण्याची सवय पुरते. पकड असलेल्या सँडल घ्या, रबरी स्लीपर नकोत. आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांच्यासाठी वर बसायला जागा आहे का ते विचारून ठेवा. मावशी दुसऱ्या वेळी उतरलीच नाही, वर बसून नारळपाणी प्यायली. कोरडे कपडे, पंचा, फोनसाठी पाणी न शिरणारी पिशवी आणि ओल्या कपड्यांसाठी कापडी पिशवी. दुकानांत प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, पाण्याची बाटलीही घरचीच न्या. बेदुगुलचा रस्ता वळणावळणाचा आहे. गाडी लागत असेल तर गोळी निघण्याआधी अर्धा तास घ्या आणि आल्याच्या वड्या हाताशी ठेवा. वर गार वारा असतो, पातळ स्वेटर लागतोच.

शाकाहारी मंडळींनी चार शब्द पाठ करावेत : 'तान्पा दागिंग' म्हणजे मांस नको, 'तान्पा इकान' मासे नकोत, 'तान्पा तलुर' अंडं नको, आणि सगळ्यांत महत्त्वाचा 'तान्पा तरासी'. तरासी म्हणजे कोळंबीचा खारवलेला गोळा. तो सांबालमध्ये, म्हणजे चटणीत, जातो आणि भाजीच्या ताटातही असू शकतो. टेम्पे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, टोफू, गाडो-गाडो म्हणजे शेंगदाण्याच्या चटणीतल्या भाज्या, आणि भात एवढ्यावर जेवण उत्तम होतं. जातिलुविहला तिथलाच लाल तांदूळ मागा. तरी डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी असू द्या, मुलांना तिसऱ्या तासाला भूक लागतेच.

पैशांचं लवकर सांगते. साधारण हजार रुपियाला पाच रुपये आणि थोडे वर, हा हिशोब डोक्यात ठेवा. भारतीयांना तिथे पोचल्यावर मिळणाऱ्या ३० दिवसांच्या व्हिसाचे ५,००,००० रुपिया आणि फेब्रुवारी २०२४ पासून परदेशी पाहुण्यांकडून एकदाच घेतला जाणारा १,५०,००० रुपियांचा कर. हा कर ऑनलाइन भरून त्याचा क्यूआर कोड फोनमध्ये जपा, आणि निघण्याआधी दोन्ही आकडे सरकारी संकेतस्थळावर एकदा पडताळून घ्या. पार्किंग, स्वच्छतागृह, दानपेटी यांसाठी सुट्ट्या नोटा.

आणि जातिलुविहला दीड तास तरी राखून ठेवा. तिथे गाईडला दृश्याच्या कट्ट्यावर थांबू देऊ नका, बांधावर न्यायला सांगा आणि तंबुकू दाखवायला सांगा. पाटात आडवं टाकलेलं एक ओंडकं असतं, त्याला वरच्या बाजूने खाचा पाडलेल्या असतात. ज्याचा वाटा मोठा त्याची खाच रुंद. पाणी त्यावरून सरकताना आपोआप वाटलं जातं, कुणी उभं राहायला नको. आमच्या आजोळी धुळ्याकडे पांझरेवर फड पद्धतीत पाटकरी पाणी फिरवायचा, ते आईने लहानपणी पाहिलं होतं. ती त्या ओंडक्याशी बसली आणि पाण्यात बोट घालून खाच मापत राहिली. मग गाईडने सांगितलं की आसपासचे सुबाक पेरणी आणि पड ठेवणं ठरवून एकाच वेळी करतात, त्यामुळे किडीला खायला काही उरत नाही. १९७०च्या दशकात नव्या वाणांबरोबर देवळाचं हे वेळापत्रक मोडून सतत पीक घ्यायला लावलं, तेव्हा पाण्याची ओढाताण झाली आणि किडीने भात खाल्लं. स्टीफन लान्सिंग या मानववंशशास्त्रज्ञाने पुढे हे अभ्यासून दाखवलं. एवढं ऐकल्यावर सकाळचं तळ्यातलं देऊळ आईला नव्याने कळलं. "म्हणजे तिथून हे सगळं चालतं," ती म्हणाली.

आदल्या रात्री कामेन पिशवीत सगळ्यांत वर ठेवा, गाईडला निघण्याची वेळ पुन्हा कळवा, सहाची ठरवा. पहाटे बाहेर पडाल तेव्हा दाराच्या उंबऱ्यापाशी जमिनीवर नारळाच्या कोवळ्या पानाची हातभर नाही, वीतभर चौकोनी करंडी दिसेल. तिच्यात फुलं, चिमूटभर तांदूळ, कधी एखादं बिस्किट आणि वर उदबत्ती. तिला चानांग सारी म्हणतात. घरची बाई ती नुकतीच ठेवून उजव्या हाताने धूर देवाकडे लोटत असेल, तर तिचं होईपर्यंत थांबा, मग करंडीला वळसा घालून गाडीत बसा.