नववीचा मूल्यशिक्षणाचा तास : टँकरची रांग

फळ्यावरचा सुविचार पोरं वहीत उतरवतात नि विसरतात. त्याऐवजी प्रसंग द्या: मे महिना, गल्लीत टँकर आलाय, घरटी चार घागरी, रांगेत शेवटी एकटी म्हातारी. तिला पुढं घ्यायचं का? पाच-पाच जणांचे गट करा, मुलं-मुली मिसळून. दहा मिनिटं चर्चा, मग निर्णय आणि कारण. ‘दया म्हणून’ एवढ्यावर सोडू नका. कुणाचं पाणी कमी झालं, तेही विचारा. तास फसतो तो इथंच: सर आपलं मत आधी सांगून टाकतात, मग सगळे तेच म्हणतात. जातीचा विषय निघाला तर दाबू नका, मात्र वर्गातल्या कुणाचं नाव येऊ देऊ नका. पैठणच्या एकनाथांनी तहानलेल्या गाढवाला गंगाजल पाजल्याची कथा शेवटी सांगा. आधी सांगितली की उत्तर फुटतं.